साखर वर येईपर्यंत

यंदा ऑक्टोबरात एका संध्याकाळी समोरच्या घरात नुकताच राहायला आलेला निखिल दारात येऊन उभा राहिला. हातात ग्रोसरीची भलीमोठी कागदी पिशवी आणि चेहऱ्यावर नकोशी वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात मारताना येते ती अजीजी. "काकू, हे ठेवून घ्या ना. झाडाला खूप लागलेत यार. आम्ही एक ट्राय केलं तर तोंडाची पूर्ण वाट लागली. प्राजक्ता तर म्हणते, झाडच काढून टाकू, पॅटिओ एक्स्टेंड करू." निखिल नागपूरचा. संत्र्यांच्या गावचा माणूस एका फळाला इतका घाबरलेला पाहून मला हसू आलं. मग पिशवीत डोकावले. आत टोकदार, केशरी, दगडासारखे कडक, कच्चे खाल्ले तर जीभ आवळणारे पर्सिमन होते, आणि प्रत्येकाला देठाचा छोटा तुकडा तसाच ठेवला होता. तो त्याने मुद्दाम ठेवला नसणार, तोडताना आपसूक राहिला असणार. पण मला तो दिसला आणि मी म्हटलं, "झाड काढू नका." इतक्या घाईने म्हटलं, की तो बिचारा चपापला.

क्युपर्टिनोत ऋतू शोधावा लागतो. सकाळी लीफ ब्लोअरची घरघर वाढली, घरांच्या पायऱ्यांवर भोपळे आले, इंडियन ग्रोसरीत भाजणीच्या पिशव्या पुढच्या रॅकवर आल्या, की समजायचं, उन्हाळा संपला. आमच्या गल्लीत मात्र हा ऋतू त्या एका झाडावर उतरतो. आधी पानं तांबडी होतात, मग सगळी गळून जातात, आणि फळं तेवढी उघड्या फांद्यांवर राहतात. या घरात आलो त्या पहिल्या वर्षी मला लांबून वाटलं होतं, समोरच्यांनी झाडावर आकाशकंदील लावलेत. अजूनही ते झाड तसं दिसलं की माझा जीव थोडा खालीवर होतो. फळ मला फारसं आवडतं अशातला भाग नाही. एक शरद ऋतू त्या झाडाखाली राहून गेलाय.

तेव्हा ते घर हेन्रीकाकांचं होतं. नव्वदीला टेकलेले, उंचीने जेमतेम माझ्याएवढे, डोक्यावर सदान्‌कदा बेसबॉलची टोपी. जपानी वंशाचे, पण जन्म याच खोऱ्यातला. पहिल्या भेटीत मी कमरेत वाकून अगदी शुद्ध जपानीत नमस्कार घातला होता, तर ते म्हणाले, "हाय, आय ॲम हँक." हेन्रीचं इथे हँक होतं. माझा चांगलाच पचका झाला. त्याचं असं आहे, की मला जपानी येतं आणि ते येतं हे लोकांना कळावं असं मला फार वाटतं. मी कॉलेजात होते तेव्हा पुण्यात जपानी शिकायची लाटच आली होती. कोथरूडमध्ये आमच्या सोसायटीत प्रत्येक जिन्यात एक तरी मुलगी ती चित्रलिपी गिरवत बसलेली असायची. मी त्यातलीच एक. पुढे हिंजवडीत जपानी क्लायंटच्या प्रोजेक्टवर काही वर्षं काढली, त्यामुळे माझं जपानी म्हणजे मुख्यतः माफी मागायचं जपानी. उशीर झाला म्हणून, लवकर पाठवलं म्हणून, आपला अमूल्य वेळ घेतला म्हणून. फोनवर बोलतानासुद्धा मी खुर्चीत बसल्या बसल्या वाकायचे आणि शेजारच्या क्युबिकलमधली पोरं खिदळायची.

हेन्रीकाकांना हळूहळू विसरायला व्हायला लागलं, तेव्हा त्यांची नात त्यांच्याकडे राहायला आली. एमी. पंचविशीच्या आतली, घरून काम करणारी, केस कानापर्यंत कापलेले, चालताना कायम काहीतरी विसरल्यासारखी मागे वळून बघणारी. ती आजोबांना जीचान म्हणायची. तिच्या घरात जे चारदोन जपानी शब्द उरले होते, त्यातला तो एक.

अशाच एका ऑक्टोबरात भर दुपारी ती धावत आमच्याकडे आली. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, इथे मराठीत लिहिते आहे. ती मला नुसतं 'मेधा' म्हणायची, तेव्हा मराठीतही तिला अरेतुरे करू देते. "तुला जपानी येतं ना? जीचान सकाळपासून काहीतरी विचारताहेत. पुन्हा पुन्हा तेच. इंग्रजी बोलतच नाहीयेत. त्यांना दुखतंय का काही, मला कळत नाहीये."

मी गेले. ते मागच्या अंगणाच्या दारापाशी खुर्ची घेऊन बसले होते. मी सवयीने वाकले आणि क्लायंटला विचारावं तसं, आपली काय सेवा करू शकते, असं काहीतरी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जसं आपल्या आजीने दारात येऊन बोलणाऱ्या आकाशवाणीच्या निवेदिकेकडे पाहिलं असतं. मग ते बोलले. त्यांचं जपानी मी शिकले होते ते नव्हतंच. ते त्यांच्या आईचं होतं, शंभर वर्षांपूर्वी कुठल्याशा खेड्यातून बोटीने आलेलं आणि तेव्हापासून बदलायला न मिळालेलं. मला निम्मंच कळलं, पण निम्मं पुरेसं होतं. ते विचारत होते, "सोलायला घेतली का? पाऊस येईल." आणि बोटाने झाड दाखवत होते.

"एवढंच?" एमीने विचारलं.

"एवढंच."

ती तिथेच जमिनीवर बसली आणि रडवेली हसली. आजोबांचं बोलणं नातीला कोथरूडच्या बाईने समजावून सांगितलं, याची मला त्या दिवशी गंमत वाटली होती. घरी येऊन नवऱ्याला मी ते रंगवून रंगवून सांगितलंही होतं.

तर असा तो उद्योग सुरू झाला. जपानीत या फळाला काकी म्हणतात आणि सोलून, टांगून वाळवलेल्याला होशिगाकी. हे शब्द मला वर्गापासून माहीत होते (काकीवरून वर्गात व्हायचे ते विनोद तेव्हाच होऊन गेले होते), पण होशिगाकी मी कधी खाल्लं नव्हतं, पाहिलंही नव्हतं. हेन्रीकाकांची आई करायची. झाडही तिनेच लावलेलं. ती गेल्यावर कुणी केलं नाही, फळं पाखरांना आणि शेजाऱ्यांना जायची. एमीने हे जन्मात पाहिलेलं नव्हतं. आणि आता या म्हाताऱ्या माणसाला, ज्याला सकाळचा नाश्ता आठवत नव्हता, फळ कसं धरायचं, देठाची टोपी तशी ठेवून साल एका लांब पट्टीत कशी काढायची, देठाला दोरीचा फास कुठे घालायचा, हे सगळं आठवत होतं. खरं तर त्यांना नव्हतं आठवत, त्यांच्या हातांना आठवत होतं. विचारलं, की ते गोंधळायचे. न विचारता शेजारी बसलं, की हात चालायचे.

पॅटिओच्या छपराखाली बांबू आडवा बांधून आम्ही त्या माळा लावल्या. आमच्याकडे चकल्यांचा घाणा चालू होता, स्मोक अलार्मला पंख्याने वारा घालता घालता माझा जीव मेटाकुटीला यायचा. त्यातून सुटले, की मी तळणाचा वास घेऊन समोर जायचे. आई गच्चीवर कुरडया घालायची ते आठवायचं. वाळवणाला राखण लागते, आणि राखणीला बसलेल्या बायका जे बोलतात ते एरवी बोलत नाहीत. माझी मुलगी सानिका तेव्हा सहावीत होती. ती यायची, दोन दोऱ्या धरायची, "इट स्मेल्स लाइक चकली हिअर टू," म्हणायची आणि फोन घेऊन पायरीवर बसायची.

आठवडाभरात फळांवर कातडी धरली. मग हेन्रीकाका रोज उठून त्यांना हळूहळू चोळू लागले. एकेक फळ चिमटीत घेऊन, आतला गर मोडेल पण कातडी फाटणार नाही इतक्या बेताने. चोळताना स्वतःशीच म्हणायचे, "मो चोत्तो. मो चोत्तो." एमीने माझ्याकडे पाहिलं.

"अजून थोडं," मी सांगितलं.

"अजून थोडं काय?"

ते मलाही माहीत नव्हतं. त्यांनी ते कधी सांगितलं नाही. बहुधा त्यांच्या आईनेही कधी सांगितलं नसेल. ती म्हणत असेल आणि ते ऐकत असतील.

आता कुणीही विचारेल, की बाई, खिशात फोन असताना बघून का घेतलं नाही? मी विचारलं होतं एमीला तेव्हाच. तिने फोन उचलला होता, पुन्हा खाली ठेवला. म्हणाली, "माझं जपानी असणं मी सगळं स्क्रीनवर शिकले, मेधा. तांदूळ कसा धुवायचा ते व्हिडिओवर. किमोनो कसा नेसायचा तेही व्हिडिओवर, आणि तो मी एका हॅलोविनला नेसले, एवढाच. एक तरी गोष्ट मला घरातून मिळू दे. जीचान दाखवतील तेवढीच." मला तिचं म्हणणं पटलं. मग मीही बघितलं नाही. एखाद्याच्या देवघरात चप्पल घालून जाऊ नये, तसं काहीसं वाटलं.

त्याच दिवसांत कधीतरी तिने मला त्यांची पिढ्यांची मोजणी सांगितली. समुद्र ओलांडून जे आले ते इस्सेई, पहिले. त्यांची इथे जन्मलेली मुलं निसेई. मग सान्सेई, मग योन्सेई. "मी योन्सेई," ती म्हणाली. "चौथी. एवढ्यात सगळं संपून जातं, बघ."

"या हिशेबाने मी कोण?"

"तू इस्सेई." तिला हसू आलं. "आणि सानिका निसेई. जीचानसारखी."

मी हातातलं फळ चोळत होते, ते तसंच राहिलं. इतके दिवस त्या घरी जाताना मला मनातून वाटायचं, की मी आणि हेन्रीकाका एका बाजूचे. आम्ही मोठी माणसं, परक्या मुलखात राहणारी, जुनं सांभाळणारी. साफ चूक. हेन्रीकाका म्हणजे सानिका. घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी, डब्यातलं लपवून खाणारं, आईने चारचौघांत हाक मारली की मान खाली घालणारं लेकरू. माझी जागा तर त्यांच्या आईची होती, जी केव्हाच मातीआड गेली होती आणि जिचं बोलणं आता त्यांच्या तोंडून येत होतं. मी पायरीवर बसलेल्या सानिकाकडे पाहिलं. ही नव्वदीची होईल. हिला आत्ताचं काही आठवणार नाही. कुठल्याशा दुपारी ही मराठीत काहीतरी मागेल. भाकरी म्हणेल, पांघरूण म्हणेल, किंवा नुसतंच 'आई गं' म्हणेल. आणि हिची नात घाबरून शेजारी धावेल. तेव्हा शेजारी कोण असेल? मला एकदम फार भीती वाटली. त्या दिवशी घरी येऊन मी सानिकाला जवळ घेऊन मराठीत बरंच काही बोलले. ती म्हणाली, "मॉम, आर यू ओके?"

"तुम्ही भाषा का सोडलीत?" असं मी एमीला कधी विचारलं नाही, पण तिने सांगितलं. हेन्रीकाका लहान होते तेव्हा जपानशी युद्ध सुरू झालं आणि या किनाऱ्यावरच्या जपानी लोकांना घरंदारं सोडायला लावून दूर वाळवंटातल्या छावण्यांत नेऊन ठेवलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जाण्याआधी त्यांच्या वडिलांनी घरातलं जपानी अक्षर असलेलं सगळं परसात जाळलं. परत आल्यावर मुलांना बजावलं, इंग्रजीच बोलायचं, आणि असं बोलायचं की कुणी वळून बघता कामा नये. "जीचान तसंच बोलायला शिकले," एमी म्हणाली. "माझ्या बाबांपर्यंत जपानी पोचलंच नाही. बाबांनी विचारलं नाही, कारण जीचानना त्रास होईल. जीचाननी सांगितलं नाही, कारण बाबांना त्रास होईल. एकमेकांची काळजी घेता घेता माझ्यापर्यंत काही आलंच नाही. मला राग पण येत नाही. राग यायला कुणाचं तरी चुकायला हवं ना?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. रिकाम्या डब्याचं झाकण लावताना माणूस बोलतो, तशी ती बोलत होती.

नोव्हेंबर निम्मा सरला आणि हेन्रीकाका बाथरूममध्ये पडले. हाड मोडलं नाही, पण डोक्याला लागलं म्हणून हॉस्पिटलमध्ये काही दिवस ठेवून घेतलं. त्याच आठवड्यात पाऊस आला. इथल्या मानाने चांगलाच, दिवस दिवस रिपरिपणारा. एमी सकाळी हॉस्पिटलला जायची ती अंधार पडल्यावर यायची. मी त्या आठवड्यात कामासाठी टेक्सासला, अर्विंगला होते. तिथून तिला मेसेज केला, फळांचं बघशील ना. तिने अंगठा पाठवला.

तिने बघितलं. रविवारी सकाळी ती पॅटिओत गेली तेव्हा फळं काळपट, सुरकुतलेली झाली होती आणि प्रत्येकावर पांढरं काहीतरी धरलं होतं. आधी सांधीत, मग सगळ्या अंगावर. हवा दमट होती. तिला वाटलं, बुरशी. जीचान येऊन तोंडात घालतील, त्यांना कळणार नाही, आधीच आजारी माणूस. तिने नळाखाली एक धुऊन बघितलं, ते चिकट झालं, तिला आणखीच शंका आली. मग तिने सगळ्या माळा उतरवल्या, फळं हिरव्या कचऱ्याच्या डब्यात टाकली, दोऱ्या धुऊन वाळत घातल्या आणि बांबू पुसून ठेवला. मी परत आले तेव्हा तिने मला हे सांगितलं. मीही मान डोलावली. आमच्याकडे पापडावर पांढरं दिसलं, की आई अख्खा डबा टाकून द्यायची.

दोन दिवसांनी हेन्रीकाका घरी आले. मी सूप घेऊन गेले होते. ते वॉकर घेऊन थेट मागच्या दाराशी गेले आणि रिकाम्या बांबूकडे बघत उभे राहिले. एमी त्यांच्या मागे, मी तिच्या मागे. मला वाटलं, आता हे काय म्हणतात. ते इंग्रजीत बोलले, कितीतरी दिवसांनी. "सोल्ड? ऑल सोल्ड?" त्यांच्या लहानपणी आई रस्त्याच्या कडेला टेबल मांडून ती विकायची, हे आम्हाला नंतर एमीच्या वडिलांकडून कळलं.

एमी म्हणाली, "येस, जीचान. ऑल सोल्ड."

"गुड," ते म्हणाले, टोपी सारखी केली आणि सूप प्यायला बसले. तिच्या त्या खोट्याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. प्रसंग निभावला म्हणून.

डिसेंबरात एमीला नव्या वर्षासाठी मोची, म्हणजे तांदळाचे चिकट लाडू, घ्यायचे होते, म्हणून आम्ही दोघी जपानी ग्रोसरीत गेलो. फळांच्या कोपऱ्यात, कागदाच्या सुबक पेट्यांत, एकेक वेगळं गुंडाळून होशिगाकी ठेवलं होतं. काळपट, सुरकुतलेलं, आणि अंगभर पांढरं.

एमीने त्यातली एक पेटी हातात घेतली. शेजारी एक तरुण बाई होती, कडेवर मूल, नुकतीच जपानहून आलेली असावी. तिने एमीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आपल्याच मुलखातली मुलगी भेटल्याच्या आनंदात भराभर जपानीत बोलायला लागली. एमी तिच्या ओठांकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. बाईही माझ्याकडे वळली. मी, कुर्ता आणि जीन्स घातलेली, टिकली लावलेली, मध्ये उभी.

"काय म्हणतेय ती?"

मी सांगितलं. दुसरं काय करणार होते? "ती म्हणतेय, यंदा छान आलीत. कशी बघ साखर वर आलीय. घरी करायला गेलं, तर ही साखर वर येईपर्यंत जीव नुसता टांगणीला लागतो, म्हणतेय. आतला गोडवा बाहेर येतो, त्याचं हे पांढरं."

बाईने हसून मान डोलावली, बाळाचा हात धरून टाटा केला आणि गेली. एमीने पेटी जागच्या जागी ठेवली. मोची न घेताच आम्ही बाहेर आलो. गाडीत बसल्यावर म्हणाली, "ती माझ्याशी बोलत होती, मेधा. माझा चेहरा बघून बोलत होती. तुझा चेहरा बघून कुणी जपानी बोलत नाही, आणि कळतं तुला. मी नुसता चेहराच घेऊन फिरतेय. जीचानच्या आईने पांढरं बघितलं असतं तर हात जोडले असते. मी ते कचऱ्यात टाकलं. आणि वर दोऱ्या धुतल्या."

मी तिला म्हटलं, की कुणालाही वाटलं असतं, मलाही वाटलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. घर आलं तरी ती उतरेना. मग विचारलं, "सॉरी कसं म्हणतात जपानीत?"

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी माझ्या खास विषयातलं विचारलं होतं. पण माझ्याजवळच्या सगळ्या माफ्या कंपनीच्या होत्या. आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, हे नातीने आजोबांना कसं म्हणायचं? खूप आठवून आठवून मी तिला सांगितलं, "नुसतं गोमेन म्हण. घरातल्या माणसांना तेवढं पुरतं."

ती आत गेली. मी दारापाशीच थांबले, निघून जायला हवं होतं पण पाय निघाला नाही. हेन्रीकाका टीव्हीसमोर बसले होते. ती त्यांच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "जीचान, गोमेन."

त्यांनी टीव्हीवरची नजर काढून तिच्या डोक्यावर हात ठेवला. "फॉर व्हॉट, किडो?"

तिला सांगता आलं नाही. काय सांगणार? जे त्यांच्या मनात छान विकलं गेलं होतं, ते पुन्हा कचऱ्यातून काढून त्यांच्यापुढे ठेवायचं? ती म्हणाली, "नथिंग." मग तीही टीव्ही बघत बसली.

पुढच्या वर्षी आपण सगळं नीट करू, असं ती मला जाता येता म्हणायची. साखर वर येईल तेव्हा पहिलं जीचानना देऊ. झाडाला फुटवा आला, ती पोपटी कोवळी पानं उन्हात झळकायला लागली, तेव्हा एका सकाळी हेन्रीकाका झोपेतच गेले. वयाने पिकलं पान, सगळे म्हणाले. मीही म्हटलं. एमीच्या वडिलांनी उन्हाळ्यात घर विकलं, एमी ओरेगनला निघून गेली. झाड घराबरोबर विकलं गेलं आणि पुढे दर वर्षी सगळी फळं पाखरांनी खाल्ली. मला ती वरच्या खिडकीतून दिसायची. मी जाऊन मागितली असती तर तेव्हाच्या मालकांनी सुखाने दिली असती, पण मागून करायचं काय होतं?

म्हणून यंदा निखिल पिशवी घेऊन आला, तेव्हा आधी मी एमीला फोन केला. ती म्हणाली, "देठ आहेत?" मी म्हटलं, आहेत. "मग टांग," ती म्हणाली. "मी थँक्सगिव्हिंगला येते."

आम्ही दोघी मायलेकींनी ती सोलली. सानिका आता बारावीत आहे, कॉलेजच्या अर्जासाठी 'मी कोण' या विषयावर निबंध लिहितेय आणि त्यापायी घरात सगळ्यांना छळतेय. सोलता सोलता म्हणाली, "आई, बट धिस इज नॉट ईव्हन अवर्स. आपण का करतोय?" मी म्हटलं, "हेन्रीकाकांचं आहे." तिला ते पुरलं. तिला ते आठवतात. टोपी आठवते. मी फळं चोळू लागले, की ती शेजारी उभी राहून न सांगता चोळते, आणि परवा मी तिच्या तोंडून "मो चोत्तो" ऐकलं. माझ्या मुलीच्या तोंडी माझ्या आईचे शब्द थोडेच आहेत आणि एका परक्या बाईचे, हेन्रीकाकांच्या आईचे, हे दोन आले, याचं काय वाटून घ्यावं हे मला अजून कळलेलं नाही. आनंद झाला, आणि त्याच्या बुडाशी खंतही होती. आईच्या कुरडया मी हिला कधी घालून दाखवल्या नाहीत. इंडियन ग्रोसरीत तयार मिळतात.

थँक्सगिव्हिंगच्या आधी पांढरं दिसायला लागलं. सांधीत आधी, मग अंगभर. सानिकाने बोट लावून चाटून बघितलं आणि भुवया उंचावल्या. मी त्यांना हात लावला नाही. एमी येईपर्यंत तशीच ठेवली.

ती आली. केस वाढलेत, चेहरा थोडा हेन्रीकाकांसारखा दिसायला लागलाय, हनुवटीकडे. निखिल आणि प्राजक्ताने तिला झाडापाशी नेलं. प्राजक्ता म्हणाली, आम्ही पॅटिओ दुसरीकडून एक्स्टेंड करू. एमीने बुंध्याला हात लावला, थँक यू म्हणाली आणि परत आली. मग आमच्या पॅटिओत त्या माळांखाली बराच वेळ उभी राहिली. एक फळ तिने स्वतः सोडवलं. निम्मं केलं. आत तांबूस, मऊ गर होता. तिने एक तुकडा तोंडात घातला आणि डोळे मिटून सावकाश खाल्ला. दुसरा माझ्या हातात दिला. मीही खाल्ला. गोड होता. खारकेसारखा, गुळासारखा, आणि आणखी कशाचा तरी, ज्याला माझ्याकडे शब्द नव्हता.

तिने डोळे उघडले. "बरोबर झालंय?" तिने मला विचारलं. "असंच लागतं का ते?"

मी कधी खाल्लं नव्हतं. तिनेही नाही, दुकानातलंसुद्धा नाही. ज्यांनी खाल्लं होतं त्यांच्या हातात द्यायला आम्हाला उशीर झाला होता. हेन्रीकाकांच्या आईच्या हातचं असंच लागायचं की नाही, हे सांगणारं आता या पृथ्वीवर कुणी उरलेलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "अगदी बरोबर झालंय."

एमीने माझ्याकडे पाहिलं. असं 'हो' कसं म्हटलं जातं, हे तिच्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार? टोपी सारखी करावी तसा तिने कपाळावर हात फिरवला आणि म्हणाली, "गुड."